रानहळिवाची बेचकी

लेख वाचण्याआधी एक उदाहरण सोडवा. एक वस्तू दर सेकंदाला १० मीटर वेगाने, जमिनीशी ४५ अंशांचा कोन करून फेकली. हवेचा रोध विचारात घेऊ नका. ती किती अंतरावर जाऊन पडेल?

अकरावीच्या पुस्तकात याचे सूत्र असते. ४५ अंशांच्या फेकीसाठी ते फार सोपे होते : वेगाचा वर्ग करा आणि त्याला गुरुत्व त्वरणाने भागा. १०० भागिले ९.८, म्हणजे १० मीटरांहून किंचित जास्त. वस्तू केवढी आहे, किती जड आहे, हे कोणी विचारत नाही. सूत्रात त्याला जागाच नाही.

आता फेकणारा कोण ते सांगतो. ही एक वीतभर उंचीची रानटी वनस्पती आहे. तिची शेंग फुटते तेव्हा आतल्या बिया दर सेकंदाला १० मीटरांहून अधिक वेगाने बाहेर उडतात. हे मोजलेले आहे. बिया कोठे पडतात तेही मोजलेले आहे : झाडापासून फार तर दोन मीटरांवर. सूत्र म्हणते दहा, झाड म्हणते दोन. मधले आठ मीटर कोठे गेले? आणि त्याआधीचा प्रश्न असा, की ज्याला हात नाहीत, स्नायू नाहीत, त्या झाडाने हा वेग आणला कोठून? या दोन प्रश्नांसाठी हा लेख आहे. वनस्पती तुमच्या विज्ञानाच्या 'भाग दोन'मधली आणि प्रश्न 'भाग एक'मधले, असा हा प्रकार आहे. त्याला माझा इलाज नाही; झाडाने आपली पाठ्यपुस्तके पाहिलेली नाहीत.

प्रथम झाडाची ओळख करून घेऊ. इंग्रजीत याला हेअरी बिटरक्रेस म्हणतात. शास्त्रीय नाव कार्डामाइन हिर्सुटा. हे नाव लिनीअसने १७५३ साली दिले. लॅटिनमध्ये हिर्सुटा म्हणजे केसाळ. पानांच्या देठांवर बारीक केस असतात, त्यावरून हे आले. 'क्रेस' हा मोहरीच्या कुळातील, तिखटसर पानांच्या अनेक लहान वनस्पतींना लावला जाणारा शब्द आहे. त्यांपैकी एक क्रेस तुमच्या स्वयंपाकघरात बहुधा असेलच. ज्याचे लाडू बाळंतिणीला देतात तो हळीव, कोणाकडे त्याला अळीव म्हणतात, तो म्हणजे गार्डन क्रेस. तेव्हा या लेखापुरते आपण आपल्या झाडाला 'रानहळीव' म्हणू. नाव मी ठेवलेले आहे, परीक्षेत लिहू नका.

रानहळीव मूळचा युरोप व पश्चिम आशियाकडचा. तेथून तो जगातील बहुतेक समशीतोष्ण देशांत पोहोचला आहे. दाट गवतात किंवा मोठ्या झाडोऱ्यात त्याचा निभाव लागत नाही. त्याला उघडी, ओलसर आणि नुकतीच कोणीतरी हलवलेली जमीन लागते : बागेतले वाफे, रोपवाटिकेतल्या कुंड्या, भिंतीच्या फटी, खडी टाकलेल्या वाटा, रेल्वेमार्गाच्या कडा. म्हणजे माणूस जेथे माती उकरतो तेथे हा हजर. पाऊस आणि थंडी यांच्या मधल्या काळात, तिकडच्या शरद ऋतूत, बी रुजते. हिवाळाभर झाड जमिनीला चिकटून असते. पानांचा एक गोल चक्राकार झुबका एवढेच त्याचे रूप. प्रत्येक पान छोट्या गोलसर पर्णिकांचे बनलेले असते आणि टोकाची पर्णिका सर्वांत मोठी. वसंत ऋतूच्या सुरुवातीस, बाकीची झाडे अजून जागी होत असताना, मधून एक दांडा वर येतो आणि त्यावर इवलीशी पांढरी फुले लागतात. उन्हाळ्यापर्यंत फुले, शेंगा, बिया सर्व आटोपून झाड मरूनही गेलेले असते.

शिक्षकांसाठी एक बारकावा येथे नोंदवतो. मोहरीच्या कुळाची ओळख म्हणून आपण चार पाकळ्या आणि सहा पुंकेसर सांगतो, त्यांतले चार लांब व दोन आखूड. रानहळिवात ते दोन आखूड पुंकेसर बहुधा नसतातच, चारच सापडतात. पाकळ्यांचाही भरवसा नाही. एकाच झाडावरच्या फुलांत चार, तीन, दोन, कधी एकही नाही, असे आढळते. फुलाला कीटकांची फारशी गरज नसते, कारण परागण स्वतःचे स्वतःच होते. ज्याला गिऱ्हाईक बोलवायचे नाही त्याने पाटी रंगवली काय अन् न रंगवली काय!

उपयोगाचे म्हणाल तर कोवळी पाने युरोपात कच्ची खातात, सॅलडमध्ये किंवा सारात घालतात. नावात 'बिटर' म्हणजे कडू असले तरी चव कडूपेक्षा तिखटाकडे झुकते. या तिखटपणाची गोष्ट तुम्हाला घरीच पाहता येईल. मोहरीचा अख्खा दाणा जिभेवर ठेवला तर काही लागत नाही. तीच मोहरी पाणी घालून फेसली की नाकात झिणझिण्या येतात. मोहरीच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींत ग्लुकोसिनोलेट नावाची संयुगे असतात आणि त्यांचे विघटन करणारे विकर वेगळ्या जागी साठवलेले असते. पेशी चिरडल्या की दोन्ही एकत्र येतात आणि तिखट तेल तयार होते. कडकडीत तेलाच्या फोडणीत ते विकरच निकामी होते, म्हणून फोडणीची मोहरी नाकात जात नाही. रानहळिवाचे पान चावले की हेच घडते. झाडाच्या दृष्टीने ही मसाल्याची सोय नसून, पान खाणाऱ्या किड्याच्या तोंडात फुटणारा सुरुंग आहे.

दुसरा उपयोग प्रयोगशाळेतला. मोहरीच्याच कुळात अरॅबिडॉप्सिस नावाची एक अशीच क्षुद्र रानटी वनस्पती आहे. वनस्पतींपैकी सर्वप्रथम जिची संपूर्ण जनुकीय संहिता वाचली गेली (२००० साली) ती हीच. रानहळीव हा तिचा जवळचा भाऊबंद. त्याची संहिता २०१६ साली प्रसिद्ध झाली. दोन भाऊ शेजारी ठेवले की फरक उठून दिसतात. एकाची पाने साधी, दुसऱ्याची पर्णिकांत विभागलेली. एकाची शेंग वाळून निमूटपणे उघडते आणि बिया तेथेच खाली पडतात. दुसऱ्याची शेंग फुटते. जवळच्या भाऊबंदांत एवढा फरक का, हा प्रश्न विचारता येतो म्हणून रानहळीव आज कुंडीत मुद्दाम वाढवला जातो. ज्या रोपवाटिकांत तो तण म्हणून उपटला जातो त्यांना हे ऐकून नवल वाटेल.

आता शेंगेकडे वळू. रानहळिवाची शेंग सुमारे दोन सेंटिमीटर लांब आणि काडीसारखी बारीक असते. ती दांड्यावर ताठ उभी राहते. मधोमध एक पातळ पडदा, पडद्याच्या कडांना लागलेल्या बिया आणि दोन्ही बाजूंनी झाकणासारख्या दोन लांबट पट्ट्या, अशी तिची रचना. शास्त्रात या पट्ट्यांना शकले म्हणतात, पण आपण पट्ट्याच म्हणू. शेंग तयार झाली आणि तिला किंचित धक्का लागला की या पट्ट्या बुडाकडून सुटतात आणि घड्याळाच्या स्प्रिंगसारख्या गुंडाळल्या जातात. गुंडाळता गुंडाळता बिया भिरकावल्या जातात. हे सर्व सुमारे तीन मिलिसेकंदांत उरकते. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. तुमची पापणी एकदा लवेपर्यंत अशा कित्येक शेंगा एकीमागून एक फुटून होतील.

एकट्या बीला पूर्ण वेग यायला लागणारा वेळ याहूनही कमी, सुमारे अर्धा मिलिसेकंद. मग त्वरण काढा : १० भागिले ०.०००५, म्हणजे दर सेकंदाला दर सेकंदाला २०,००० मीटर. गुरुत्व त्वरणाच्या दोन हजार पट! अवकाशयान उडताना आतल्या माणसाला गुरुत्व त्वरणाच्या तीन-चार पट त्वरण सोसावे लागते, यावरून कल्पना करा.

ऊर्जेचा हिशेब मात्र फार लहान निघतो. बीचे वस्तुमान अंदाजे एक दशांश मिलिग्रॅम धरू. गतिज ऊर्जा म्हणजे अर्धे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. उत्तर येते एका ज्यूलचे सुमारे पाच दशलक्षांश. शेंगेत पंचवीस बिया धरल्या तरी एका ज्यूलचा आठ हजारावा भाग. एवढी ऊर्जा झाडाला जड नाही. जड आहे ते ती तीन मिलिसेकंदांत बाहेर काढणे. ऊर्जा थोडी असली तरी वेळ फारच थोडा, म्हणून शक्ती मोठी.

ही अडचण माणसालाही होती आणि त्याने ती बेचकी करून सोडवली. हाताने दगड फेकताना तुमचा स्नायू जेवढ्या झपाट्याने आखडेल तेवढाच वेग. बेचकीत तुम्ही रबर सावकाश ताणता, ऊर्जा रबरात साठते आणि चिमूट सोडताच रबर ती एका क्षणात दगडाला देते. धनुष्याचेही तेच. ऊर्जा तुमचीच, पण साठवणीचा वेळ लांब आणि खर्चाचा वेळ आखूड. रानहळिवाने साठवणीला एक दिवस घेतला असे धरले, तरी एका दिवसात तीन मिलिसेकंद जवळजवळ तीन कोटी वेळा मावतात. म्हणजे साठवताना जी शक्ती लागली तिच्या तीन कोटी पट शक्तीने ती ऊर्जा बाहेर पडली. तेव्हा खरा प्रश्न उरतो तो हा : झाडाच्या बेचकीतले रबर कोणते, ते ताणते कोण आणि चिमूट कोणाची?

फुटणाऱ्या शेंगांचे नेहमीचे स्पष्टीकरण असे असते, की शेंग वाळते, तिचे थर कमीजास्त आखडतात, ताण वाढत जातो आणि शेवटी ती तडकते. अनेक वनस्पतींत ते बरोबरही आहे. पण रानहळिवाची शेंग फुटते ती हिरवी असताना, रसाने भरलेली असताना. तिच्या पेशी जिवंत असतात. वाळण्याची वाट ती पाहातच नाही. जर्मनीत कोलोन येथे माक्स प्लांक संस्थेची वनस्पती-पैदाशीवर संशोधन करणारी शाखा आहे. तेथील अँजेला हेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न हाती घेतला आणि २०१६ साली त्याचे उत्तर प्रसिद्ध केले. गटात वनस्पतिशास्त्रज्ञांबरोबर गणिती आणि भौतिकीवालेही होते. सेकंदाला हजारो चित्रे घेणारा कॅमेरा, पेशींतील दाबाचे मापन आणि संगणकावर बांधलेली शेंगेची प्रतिकृती अशी तिहेरी साधने त्यांनी वापरली.

त्यांच्या उत्तराचा पहिला भाग पाण्याच्या दाबाचा आहे. मनुका पाण्यात टाकला की फुगतो, हा परासरणाचा प्रयोग तुम्ही केलेला आहे. वनस्पतीची पेशीही अशीच पाणी आत ओढते. पण तिच्याभोवती चिवट पेशीभित्तिका असल्याने ती मनमानेल तशी फुगू शकत नाही आणि आत दाब निर्माण होतो. रानहळिवाच्या शेंगेच्या बाहेरच्या थरातील पेशींत हा दाब सहा-सात वातावरणांएवढा असतो. मोटारीच्या टायरमध्ये आपण हवा भरतो तिच्या सुमारे तिप्पट. दर चौरस सेंटिमीटरवर साधारण सात किलोग्रॅम वजनाचा भार!

पण येथे एक गोम आहे आणि मला स्वतःला या साऱ्या प्रकरणात हीच जागा सर्वांत सुंदर वाटते. पट्टी बाहेरच्या अंगाने गुंडाळली जाते. त्यासाठी बाहेरचा थर आखडला पाहिजे. दाबाने तर वस्तू फुगतात, लांब होतात. मग दाबाने आखडणे शक्य आहे का?

आहे, आणि ते पाहायला दोन रुपयांचाही खर्च नाही. बर्फाच्या कांड्या ज्या प्लॅस्टिकच्या लांब नळीत मिळतात ती रिकामी नळी धुऊन घ्या. टेबलावर सपाट ठेवून तिची रुंदी मोजा. समजा ती ६ सेंटिमीटर भरली. आता नळीत हवा भरून तोंड घट्ट बांधा आणि पुन्हा रुंदी मोजा. ती ४ सेंटिमीटरांच्याही आत आली असेल! गणित सोपे आहे. सपाट नळीचा घेर दोन वेळा ६, म्हणजे १२ सेंटिमीटर. फुगल्यावर घेर तोच राहतो, पण आकार वर्तुळाचा होतो. १२ला ३.१४ने भागले की व्यास ३.८ सेंटिमीटर. प्लॅस्टिक जराही आखडलेले नाही. आतल्या दाबाने नळीची जाडी वाढवली आणि रुंदी खाल्ली. अभ्र्यात कापूस भरला की उशी अभ्र्यापेक्षा आखूड दिसते, तेही यामुळेच.

रानहळिवाच्या बाहेरच्या थरातील पेशी अशाच चपट्या असतात. त्यांच्या भित्तिका सर्व दिशांना सारख्या ताणल्या जात नाहीत. दाब वाढला की पेशी जाडीत फुगते आणि शेंगेच्या लांबीच्या दिशेने आखडू पाहते. हजारो पेशी एकाच दिशेने आखडू पाहतात. हे झाले बेचकीचे ताणणे. ताणणारा हात म्हणजे पाणी.

आखडू पाहतात असे म्हटले, कारण त्यांना आखडू दिले जात नाही. पट्टीच्या आतल्या बाजूला लिग्निनचा एक कठीण थर असतो. लिग्निन म्हणजे लाकडाला लाकूडपण देणारा पदार्थ. हा थर आपली लांबी सोडायला तयार नसतो. बाहेरचा थर म्हणतो आखूड हो, आतला म्हणतो होणार नाही. इस्त्रीतील द्विधातु पट्टी आठवा. दोन धातू एकमेकांना चिकटवलेले, तापल्यावर एक जास्त वाढतो, दुसरा कमी, आणि पट्टी वाकते. त्या न्यायाने शेंगेची पट्टीही आधीपासूनच हळूहळू वाकायला हवी होती. मग ती शेवटपर्यंत सरळ कशी राहते? ऊर्जा गळून न जाता साठून कशी राहते?

याचे उत्तर सुताराच्या खिशात आहे. त्याची पोलादी टेप हातभर बाहेर ओढा. ती हवेत सरळ उभी राहते, वाकत नाही. नीट पाहा : टेप सपाट नसते, रुंदीत किंचित खोलगट, पन्हाळीसारखी असते. या खोलगटपणामुळे तिला ताठपणा येतो. आता एके ठिकाणी ती बोटांनी दाबून सपाट करा. लगेच तेथून मोडल्यासारखी वाकेल. (कडा धारदार असते, जपून.) टेप नसेल तर पोस्टकार्डाच्या पट्टीवर हेच करून पाहा. सपाट धरली तर टोक खाली झुकते, पन्हाळीसारखी वळवून धरली तर वर नाणेही पेलते.

शेंगेची पट्टीही पन्हाळीसारखीच असते. शेंग गोलसर आहे, तिचे ते अर्धे कवच. जोवर पट्टीच्या कडा मधल्या पडद्याला घट्ट धरलेल्या आहेत, तोवर पन्हाळ कायम राहते आणि पट्टी सरळ राहते. शेंग पिकते तशी ही कडांची शिवण कमजोर होते. मग एखादा पावसाचा थेंब, एखादे पाखरू, एखाद्या माळ्याचे बोट लागते आणि शिवण सुटते. पट्टी सपाट होते. सपाट होताच तिला लांबीत वाकायला काही अडत नाही. साठलेली सर्व ऊर्जा एकदम मोकळी होते. चिमूट सुटली!

अजून एक कोडे राहिले. लिग्निनचा थर जर एवढा कठीण, तर तो पन्हाळीचा सपाट होऊ तरी कसा देतो? अरॅबिडॉप्सिसच्या शेंगेतही असा थर आहे. ती मात्र कधी फुटत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली फरक दिसला. अरॅबिडॉप्सिसच्या त्या पेशींत लिग्निन चोहोबाजूंनी सारखे बसलेले असते. रानहळिवात ते पेशीच्या एकाच अंगाला, तेही तीन जाड दांड्यांसारखे बसते आणि दांड्यांना जोडणारा भाग अगदी पातळ असतो. दाराच्या बिजागरीसारखा! बिजागऱ्या उघडल्या की पन्हाळ सपाट होते, आणि लांबीत मात्र दांडे ताठच्या ताठ. भावाभावांतला फरक एका पेशीच्या भिंतीत लिग्निन कोठे बसते एवढ्यावर आला. त्याच संस्थेच्या २०२२ सालच्या संशोधनात असेही दिसले, की लिग्निन असे नेमक्या जागी बसवण्यासाठी तांबे असलेली विकरे लागतात. तांब्याची व्यवस्था बिघडली की थर नीट बसत नाही आणि बिया तितक्या दूर जात नाहीत.

आता आपले हरवलेले आठ मीटर शोधू. उदाहरणात लिहिले होते, 'हवेचा रोध विचारात घेऊ नका.' आपण तो विचारात घेऊन पाहू. हवेत जाणाऱ्या वस्तूवरचा रोध काढण्यासाठी अर्धा, हवेची घनता, वेगाचा वर्ग, समोरचे क्षेत्रफळ आणि आकारावर अवलंबून असणारी एक संख्या यांचा गुणाकार करतात. बी एक मिलिमीटर व्यासाची धरली तर क्षेत्रफळ ०.८ चौरस मिलिमीटर. हवेची घनता दर घनमीटरला १.२ किलोग्रॅम. आकाराची संख्या अर्धा धरू. १० मीटर वेगाला रोध येतो एका न्यूटनचे सुमारे २४ दशलक्षांश. आणि बीचे वजन? एका न्यूटनचा एक दशलक्षांश.

जो रोध 'विचारात घेऊ नका' म्हणून सांगितले तो वजनाच्या चोवीस पट निघाला! उलट गुरुत्वाकर्षणच विचारात घेतले नसते तरी सुरुवातीला फारसे बिघडले नसते. या रोधाने बीचा वेग जेमतेम तीस सेंटिमीटर अंतरात निम्म्यावर येतो. वेग निम्मा झाला की रोध चौथाई होतो, त्यामुळे पुढची घट सावकाश होते, पण तोवर व्हायचे ते होऊन गेलेले असते. सगळा हिशेब शेवटपर्यंत केला तर फेक मीटरभराच्या थोडी पुढे जाते. बी चपटी असल्याने कधी कडेवर जाते, कधी आडवी, त्यानुसार कमीजास्त. मोजलेल्या दोन मीटरांच्या मर्यादेशी हे छान जुळते.

म्हणजे सूत्र चुकीचे आहे का? नाही. क्रिकेटचा चेंडू याच वेगाने हळुवार फेका, सूत्र जवळजवळ बरोबर उत्तर देईल. चेंडूवर रोध आहेच, पण त्याच्या वजनापुढे तो किरकोळ आहे. वस्तूची लांबी, रुंदी, जाडी दहापट केली तर क्षेत्रफळ शंभरपट वाढते, पण वस्तुमान हजारपट. वस्तू जितकी लहान तितकी हवा तिला जड. मध्य आणि दक्षिण अमेरिकेत हुरा क्रेपिटान्स नावाचा एक वृक्ष आहे. त्याची वाळलेली फळे मोठा आवाज करून फुटतात आणि नाण्याएवढ्या बिया चाळीस मीटरांहूनही दूर जातात. तेथे सुरुवातीचा वेगही जास्त असतो, पण त्या वेगाने रानहळिवाची बी सोडली असती तरी ती एवढी दूर गेली नसती. उदाहरणातली 'नगण्य माना' ही ओळ कोणत्या वस्तूला लागू आहे, हे उदाहरण घालणाऱ्याने सांगायला हवे. आम्ही शिक्षक बहुधा सांगत नाही.

दोन मीटर तुम्हाला थोडे वाटतील. पण रानहळिवाचा पानांचा झुबका हाताच्या पंजाएवढाही नसतो. आईच्या सावलीतून सुटायला दोन मीटर पुष्कळ झाले. त्यापुढचा प्रवास कुंड्यांतली माती, माळ्यांचे बूट आणि वाहते पाणी यांच्या अंगावर सोडलेला असतो. अनुकूल जागी काही आठवड्यांतच नवे झाड बियांना येते. त्यामुळे युरोप-अमेरिकेतल्या रोपवाटिकांत याने माळ्यांना जेरीस आणलेले आहे. ते लोक एक गोष्ट अनुभवाने शिकलेले असतात : शेंगा धरल्यावर हे झाड उपटायला वाकू नये. उपटणारा हातच शेंगांना धक्का देतो आणि पुढच्या पिढीची पेरणी करतो. बिया डोळ्यांत जातात ते वेगळेच. फुले येण्यापूर्वी, झुबका जमिनीलगत असतानाच तो काढावा.

महाराष्ट्राच्या मैदानी हवेत रानहळीव शोधत बसू नका. हिमालयाच्या थंड भागात त्याच्या जातभाईंपैकी एक आढळतो, त्याचे नाव कार्डामाइन इम्पेशन्स. इम्पेशन्स म्हणजे उतावीळ. तोही हात लावताच शेंग फोडतो. हेच नाव लिनीअसने आणखी एका वनस्पतीच्या प्रजातीला दिले आहे आणि ती मात्र तुमच्या अंगणात व सह्याद्रीच्या पठारावर आहे : तेरडा. दोघांचे कूळ निराळे, तेरड्याच्या शेंगेला पट्ट्याही दोन नसून पाच. पण शेंग हिरवी, रसरशीत असताना फुटते हे साम्य आहे.

पावसाळा संपता संपता तेरड्याच्या शेंगा फुगून पोपटी होतात. तेव्हा एक पांढरी चादर अंगणात पसरा, मध्यभागी तेरड्याची कुंडी ठेवा आणि पिकलेल्या दहा शेंगांना पेन्सिलीच्या टोकाने एकेक करून स्पर्श करा. प्रत्येक बी कुंडीपासून किती दूर पडली ते टेपने मोजून वहीत लिहा. शेंगेची जमिनीपासूनची उंचीही लिहा. मग दोनचार पिकलेल्या शेंगा देठासह तोडून तासभर मिठाच्या दाट पाण्यात बुडवून ठेवा, दोनचार साध्या पाण्यात ठेवा, आणि दोन्हींना स्पर्श करून पाहा. मिठाचे पाणी पेशीतले पाणी बाहेर ओढते हे तुम्हाला ठाऊक आहे. कोणत्या शेंगा जोराने फुटतील याचा अंदाज आधी लिहून ठेवा आणि मगच पेन्सिल लावा.